अरणचा माळी

स्कॉटलंडांतील एखाद्या कुटुंबास चारशें वर्षांपूर्वींच्या आपल्या विणकर पूर्वजाचा बाप्तिस्मा चर्चच्या नोंदवहींत सांपडूं शकतो. आमच्या मोडनिंबाकडे चार पिढ्यांपलीकडचें विचारलें कीं हेळव्याची वाट पाहावी लागते! मग शेजारच्या अरण गांवीं सातशें वर्षांपूर्वीं झालेल्या एका माळ्याचें घर कोणी लक्षांत ठेविलें?

परंपरा सांगते कीं, सांवता माळी शके ११७२ मध्यें, म्हणजे इ. स. १२५० मध्यें जन्मले. आजोबा दैवू, वडील परसोबा, आई नांगिताबाई, पत्नी भेंडगांवची जनाबाई. शिलालेखांत नांवें राहिलीं तीं राजांचीं व दात्यांचीं; खुरपें धरणाऱ्याचीं नव्हेत. हीं राहिलीं तीं भजनामुळें. सांवतोबांचे अभंग काशिबा गुरवांनीं उतरून घेतले असें सांगतात. आज अवघे सदतीस उपलब्ध आहेत.

शाळेंत असतांना त्यांचा भाजीपाल्याचा प्रसिद्ध अभंग मी शिकवीत होतों. एका मुलानें विचारलें, "गुरुजी, मिरची तर अमेरिकेची ना?" मी गप्प झालों. मुलाचें बरोबर होतें. मिरची पोर्तुगीजांबरोबर सोळाव्या शतकांत आली. कोणी म्हणेल, तेथें मिरीं असतील. पण मिऱ्याचा वेल आमच्या कोरड्या माळावर कोठला? मला वाटतें, गाणाऱ्यांनीं पुढें आपल्या मळ्यांतलें पीक सांवतोबांच्या मळ्यांत लाविलें. म्हणून सारा अभंगच खोटा ठरवावा काय? मोट, नाडा, विहीर हें ज्याच्या हातांतलें होतें त्याचीच ती दृष्टि आहे. देव लपावयास आला तेव्हां त्यांनीं खुरप्यानें छाती चिरून त्याला आंत घेतलें, ही कथा मी इतिहास म्हणून सांगत नाहीं; पण ती गाळली तर गांवाला आपला माळी ओळखूं येणार नाहीं.

पंढरपूर जवळ, तरी मळा सोडून ते वारीला गेले नाहींत, असें सांगतात. ज्ञानेश्वर-नामदेवांच्या काळीं हें धाडसच म्हणावयाचें. शके १२१७ च्या आषाढ वद्य चतुर्दशीस, १२ जुलै १२९५ रोजीं, त्यांनीं देह ठेविला. पुढच्याच वर्षीं अल्लाउद्दीन देवगिरीवर चालून आला आणि रामदेवरायाला खंडणी द्यावी लागली.

इतर संतांच्या पालख्या पंढरीस जातात. सांवतोबांची जात नाहीं. त्यांच्या पुण्यतिथीला पांडुरंगाचीच पालखी अरणला येते.