घरगुती जनित्रावरील विद्युतभार व्यवस्थापन

घरगुती जनित्रावरील विद्युतभार व्यवस्थापन म्हणजे वीजपुरवठा खंडित असताना, हलवता येणाऱ्या लहान जनित्रावर (जनरेटरवर) त्याच्या क्षमतेत बसणारी उपकरणे योग्य क्रमाने आणि सार्वजनिक वीजवाहिनीपासून विलग ठेवून चालवण्याची पद्धत होय. भाराचा अंदाज चुकल्यास जनित्र व उपकरणे निकामी होतात. जोडणी चुकल्यास जीवितहानी होऊ शकते.

पार्श्वभूमी

नाशिकजवळ एकलहरे येथे औष्णिक विद्युत केंद्र आहे. मात्र तेथील वीज राज्याच्या पारेषण जाळ्यात जात असल्याने शहर व जिल्हा भारनियमनापासून मुक्त राहिला नाही. महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळाच्या विभाजनानंतर २००५ साली स्थापन झालेल्या महावितरण कंपनीने वीजटंचाईच्या काळात वाहिन्यांची हानीनुसार गटवारी केली आणि जास्त हानीच्या भागांत अधिक तास भारनियमन केले. एप्रिल २०२२ मध्ये राज्यात पुन्हा वीजटंचाई निर्माण झाली होती. पावसाळ्यातील वादळी वाऱ्यानेही पुरवठा खंडित होतो. शहरी घरांत इन्व्हर्टर अधिक प्रचलित असला, तरी शीतकपाट किंवा पाण्याचा पंप चालवण्यासाठी जनित्राचा आधार घेतला जातो.

क्षमतेची गणना

जनित्राची क्षमता बहुधा किलोव्होल्ट-अँपिअरमध्ये (केव्हीए) दिलेली असते. ०.८ शक्तिगुणक धरल्यास २ केव्हीएच्या जनित्रापासून १,६०० वॅट मिळतात. समुद्रसपाटीपासूनच्या उंचीमुळे हवा विरळ होते आणि साध्या पेट्रोल इंजिनाची शक्ती दर ३०० मीटरमागे साधारण ३ ते ३.५ टक्के घटते. नाशिक सुमारे ६०० मीटर उंचीवर असल्याने ही घट ६ ते ७ टक्के होते व सुमारे १,५०० वॅट उरतात. एप्रिल-मेच्या उन्हाळ्यात त्यात आणखी घट होते. सलग वापरासाठी उरलेल्या क्षमतेच्या ८० टक्के, म्हणजे १,२०० वॅट, ही मर्यादा पाळणे इष्ट असते.

प्रारंभिक भार

मोटर असलेली उपकरणे सुरू होताना काही क्षण नेहमीच्या कितीतरी पट वीज घेतात. त्यामुळे केवळ चालू भाराची बेरीज फसवी ठरते. एका घरातील उदाहरणादाखल भार पुढीलप्रमाणे:

• ९ वॅटचे ६ एलईडी दिवे – ५४ वॅट
• ७५ वॅटचे ३ पंखे – २२५ वॅट
• दूरचित्रवाणी संच – १०० वॅट
• राउटर – १५ वॅट
• शीतकपाट – चालू १५० वॅट, सुरू होताना सुमारे ९०० वॅट
• अर्धा अश्वशक्तीचा पंप – चालू ६०० वॅट, सुरू होताना १,८०० वॅट किंवा अधिक

चालू भाराची बेरीज १,१४४ वॅट, म्हणजे मर्यादेच्या आत आहे. तरीही हे जनित्र पंप सुरू करू शकत नाही, कारण पंपाचा प्रारंभिक भार एकट्यानेच १,५०० वॅटांपेक्षा जास्त आहे. पंप वगळल्यास मात्र उरलेला भार शीतकपाट सुरू होतानाही १,२९४ वॅटांवरच राहतो. शीतकपाटाचा कॉम्प्रेसर आपोआप पुन्हा सुरू होत असल्याने त्याच्यासाठी ही जागा कायम राखून ठेवावी लागते. गिझर, इस्त्री व विद्युत शेगडी यांचा भार लहान जनित्राला पेलत नाही. इन्व्हर्टरची उतरलेली बॅटरी चार्ज होतानाही सुमारे २०० वॅट भार पडतो. तो अनेकदा गणनेतून सुटतो.

सर्व उपकरणे बंद ठेवून जनित्र सुरू करावे, इंजिनाची गती स्थिरावल्यावर मोटरची मोठी उपकरणे एकेक करून प्रथम व दिवे-पंखे नंतर जोडावेत. बंद करताना आधी भार काढून मग इंजिन थांबवावे. दिवे मंद होणे किंवा इंजिनाचा आवाज दबणे ही अतिभाराची लक्षणे आहेत. वारंवार पडणाऱ्या एमसीबीच्या जागी अधिक अँपिअरची एमसीबी बसवणे धोकादायक असते.

उलट पुरवठ्याचा धोका

दोन्ही टोकांना प्लग असलेल्या वायरने जनित्र भिंतीतील सॉकेटला जोडल्यास वीज मीटरमार्गे बाहेरच्या वाहिनीत शिरते. वितरण रोहित्र उलट दिशेनेही काम करते. त्यामुळे २३० व्होल्टचा दाब ११ किलोव्होल्टच्या पातळीपर्यंत वाढू शकतो. वाहिनी बंद आहे असे समजून दुरुस्ती करणाऱ्या जनमित्राचा अशा वेळी मृत्यू ओढवू शकतो. जनित्र चालू असताना पुरवठा परत आल्यास जनित्र जळण्याचा किंवा आग लागण्याचाही धोका असतो. केवळ मेन स्विच बंद करण्यावर विसंबणे पुरेसे नाही, कारण त्यात विसरण्यास वाव राहतो. फेज व न्यूट्रल एकाच वेळी बदलणारा चेंजओव्हर स्विच दोन्ही पुरवठे एकत्र येऊच देत नाही. तो परवानाधारक विद्युत ठेकेदाराकडून बसवून घ्यावा लागतो. असा स्विच नसल्यास उपकरणे थेट जनित्राच्या सॉकेटला जोडावीत.

जनित्राचा न्यूट्रल भूसंपर्काशी जोडलेला नसल्यास आरसीसीबी अपेक्षेप्रमाणे काम करत नाही. म्हणून अर्थिंगची जोडणी उत्पादकाच्या पुस्तिकेनुसार तपासून घेणे आवश्यक असते.

जागा व इंधन

इंजिनाच्या धुरातील कार्बन मोनॉक्साईड हा वायू रंगहीन, गंधहीन व प्राणघातक असतो. त्यामुळे जनित्र बाल्कनी, जिना, तळघर किंवा बंदिस्त वाहनतळात चालवू नये. दारे-खिडक्यांपासून किमान ६ मीटर दूर, मोकळ्या व कोरड्या जागेत ठेवावे. पेट्रोल भरण्यापूर्वी इंजिन बंद करून थंड होऊ द्यावे.