मधल्या घराची कमाई

1940च्या एप्रिलमध्ये अमेरिकेत जनगणना सुरू झाली तेव्हा तक्त्यात एक नवा प्रश्न होता: गेल्या वर्षी मजुरी किंवा पगार म्हणून किती डॉलर मिळाले? न्यू हॅम्पशरचे सिनेटर चार्ल्स टोबी यांनी या प्रश्नाविरुद्ध मोहीमच उघडली. सरकारी माणसानं दारात उभं राहून कमाई विचारावी, हे त्यांना मान्य नव्हतं. शेवटी तोडगा निघाला. ज्याला तोंडानं सांगायचं नसेल, त्यानं आकडा चिठ्ठीवर लिहून पाकीट बंद करावं. शिवाय 5,000 डॉलरच्या वर कितीही पगार असला तरी नोंद फक्त ‘5000+’ अशी व्हायची.

अशा नोंदींवरून खरी सरासरी निघत नाही, पण मध्यक निघतो. सगळ्यांना कमाईच्या क्रमानं रांगेत उभं करायचं आणि बरोबर मधल्याची कमाई पाहायची. टोकाचा माणूस किती गडगंज आहे, याच्याशी मध्यकाला देणंघेणं नसतं. म्हणून एखाद्या भागातलं साधारण घर कसं जगतं, हे सांगायला तो सरासरीपेक्षा बरा. मात्र दोन गावांचे मध्यक एकत्र करून दोघांचा मिळून मध्यक काढता येत नाही आणि राज्याचा मध्यक वाटून काउंटीचा मिळत नाही. त्यासाठी त्या त्या काउंटीतल्या घरांपर्यंत जावंच लागतं.

काउंटी म्हणजे ढोबळमानानं आपला जिल्हा. अशा 3,100हून जास्त आहेत आणि त्यांच्या आकारात काही ताळमेळ नाही. 2020च्या जनगणनेत लॉस एंजेलिस काउंटीत एक कोटीहून जास्त माणसं होती, तर टेक्ससमधल्या लव्हिंग काउंटीत 64.

1950पासून उत्पन्नाचा प्रश्न फक्त नमुन्यातल्या लोकांना विचारला जाऊ लागला. 1970मध्ये पाचातल्या एका घराला, 2000मध्ये साधारण सहातल्या एका घराला. लॉस एंजेलिसला यानं काही फरक पडत नाही. पण शंभर घरांच्या वस्तीत वीसच घरं विचारली आणि त्यात दोन बडे शेतकरी आले, तर सगळी वस्ती कागदावर सुखवस्तू होते.

1972च्या कायद्यानं केंद्राचा पैसा थेट स्थानिक संस्थांना वाटायला सुरुवात झाली आणि वाटपाच्या सूत्रात दरडोई उत्पन्न आलं. तेव्हा ही चूक महाग पडू लागली. 1979मध्ये रॉबर्ट फे आणि रॉजर हेरियट या जनगणना विभागातल्या दोन संख्याशास्त्रज्ञांनी हजाराच्या आतल्या वस्त्यांसाठी एक रीत मांडली. वस्तीचा स्वतःचा नमुना घ्यायचाच, पण त्याच्या शेजारी काउंटीचं उत्पन्न, प्राप्तिकराच्या नोंदी, घरांच्या किमती यांवरून निघणारा अंदाजही ठेवायचा. नमुना जितका लहान, तितकं वजन या अंदाजाकडे सरकवायचं. आज जगभर लहान भागांचे अंदाज या रीतीच्या वारसांवर चालतात.

दुसरी अडचण काळाची होती. 1990च्या जनगणनेत 1989चं उत्पन्न विचारलेलं, आणि पुढची दहा वर्षं तेच चालवायचं. मधल्या काळात खाण बंद पडली तरी कागदावर पगार चालूच! शाळांना मिळणारी केंद्राची मदत गरीब मुलांच्या संख्येवर ठरते, आणि ती संख्याही तितकीच जुनी असायची. 1994च्या कायद्यानं ताजे अंदाज मागितले. मग करविवरणं, अन्नमदतीच्या नोंदी, मागची जनगणना आणि नमुना पाहणी एकत्र करून काउंटीवार गरिबीचे आणि मध्यक उत्पन्नाचे अंदाज निघू लागले. 2005पासून त्यांना वर्षभर चालणाऱ्या मोठ्या पाहणीचा आधार मिळाला.

तरीही हे आकडे एका रेषेत जोडताना जपून राहावं लागतं. सुरुवातीचे तक्ते नात्यातल्या कुटुंबाचे, नंतरचे एका घरात राहणाऱ्या सगळ्यांचे. त्या नव्या पाहणीत लहान काउंट्यांसाठी पाच वर्षांची माहिती एकत्र करतात. 2005 ते 2009च्या एकाच आकड्यात मंदीच्या आधीचे दिवसही आहेत आणि नंतरचेही. महागाई वजा करावी लागते, ते वेगळंच. आणि सगळं जुळवल्यावरही प्रश्न उरतो: मध्यक वाढला म्हणजे लोकांचं बरं झालं, की भाडं न परवडणारी घरं काउंटी सोडून गेली? आकडा दोन्ही वेळा सारखाच चढतो.

आपल्या जनगणनेत उत्पन्नाचा प्रश्न नसतो. महाराष्ट्राच्या आर्थिक पाहणीत जिल्ह्यांचं दरडोई उत्पन्न छापून येतं, पण ते जिल्ह्यातल्या उत्पादनाला लोकसंख्येनं भागून काढलेलं. कारखान्याचा नफा कुठे गेला, हे त्यातून कळत नाही. मधल्या घराची कमाई तर नाहीच.

टोबींची भीती अगदीच खोटी नव्हती. कमाई ही खाजगी गोष्ट आहे. पण न विचारल्यानं घराची गरिबी झाकली जात नाही, फक्त मदतीच्या हिशेबातून ते घर गळतं. लव्हिंगसारख्या ठिकाणी आजही अंदाजासोबत चुकीची मर्यादा छापतात, आणि ती चांगलीच रुंद असते. आकड्याशेजारची ती मर्यादा वाचायची सवय लागली, तर आपण कुणाला गरीब ठरवतो आहोत आणि किती खात्रीनं, हे आपल्यालाही कळेल.