संकेतस्थळाची पुनर्रचना : आधी बागायतदाराची नड

व्यावसायिक संघटनेच्या संकेतस्थळाची पुनर्रचना करताना कार्यकारिणीची रचना नव्हे, तर सभासदाची नड प्रमाण मानावी लागते. १९६० साली स्थापन झालेल्या महाराष्ट्र राज्य द्राक्ष बागायतदार संघाचा नाशिक विभागच उदाहरणादाखल घ्यावा. ऑक्टोबर छाटणीनंतर पाऊस आला की दिंडोरी-निफाडच्या बागायतदारास डाऊनीची धास्ती पडते. अशा वेळी अध्यक्षांचे मनोगत त्याच्या काय कामाचे? कोणते औषध, किती मात्रेत आणि फवारणीनंतर काढणीसाठी किती दिवस थांबावयाचे, एवढेच त्यास हवे असते.

औषधांची यादी जुनी निघाली, तर निर्यातीचा माल अडतो. २०१० साली क्लोरमेक्वाट क्लोराइडच्या अंशामुळे युरोपला जाणारी द्राक्षे संकटात सापडली होती. म्हणून प्रत्येक यादीवर सुधारणेची तारीख ठळक हवी आणि जुनी यादी हटविलेली हवी. (ही साधी बाब बहुधा शेवटी सुचते.) बागनोंदणीसाठी 'अपेडा'ने २००६ मध्ये 'ग्रेपनेट' आणले, त्याची नक्कल न करता तेथवरचा दुवा पुरे.

विभागीय कार्यालयात दूरध्वनीवरून येणारे प्रश्न वर्षभर महिनावार टिपले, तर मुखपृष्ठाचा आराखडा त्यातूनच हाती येतो : एप्रिलमध्ये खरडछाटणी, ऑक्टोबरात डाऊनी, जानेवारीत निर्यात.