हाक पुढे नेताना

गेल्या उन्हाळ्याच्या सुट्टीत मी रत्नागिरी जिल्ह्यात माझ्या मामांच्या गावी गेलो होतो. गाव डोंगराच्या कुशीत, घर जांभ्या दगडाचे, भिंती हात-हातभर जाड. घरात मोबाइल फोन चार. पण घरात त्यांचा उपयोग घड्याळापुरता. कुणाशी बोलायचे असले, की खळ्यातल्या फणसाखाली जाऊन उभे राहायचे. मामा म्हणाले, "अरे, तू कॉलेजात इतिहास शिकवतोस ना? मग मला सांग, माणसाचा आवाज चंद्रावरून पृथ्वीवर आला, तो माझ्या माजघरात का येत नाही?"

त्यांच्या या प्रश्नामागे एक घडलेली गोष्ट होती. आदल्या वर्षी त्यांच्या मुलाने शहरातल्या बाजारातून एक यंत्र आणले होते. लोक त्याला बूस्टर म्हणतात. कौलांवर एक एरियल, माजघरात दुसरे, आणि मधे आवाज वाढवणारी पेटी. पेटी लावली आणि माजघरात फोनच्या सगळ्या दांड्या उभ्या राहिल्या. मामा खूश! पण दोन-तीन दिवसांत वाडीत कुरकुर सुरू झाली. फोनवर दांड्या पुऱ्या, पण बोलणे तुटते. एका रात्री शेजारच्या सुनेला कळा सुरू झाल्या. घरातली माणसे 108 ला फोन लावताहेत आणि फोन लागत नाही. शेवटी एक पोरगा टेकाडावरच्या देवळापर्यंत धावत गेला, तेव्हा रुग्णवाहिकेला निरोप मिळाला. बाळ-बाळंतीण सुखरूप आहेत. पुढे फोन कंपनीची माणसे मोजणीची यंत्रे घेऊन वाडीत आली आणि फिरत फिरत थेट मामांच्या दारात येऊन थांबली. दोष त्या पेटीचा निघाला.

आता मामांनी काय वाईट केले होते? स्वतःच्या घरातला आवाज वाढवला, एवढेच. मग शेजाऱ्याची हाक का बुडाली? याचे उत्तर इतिहासात सापडते, म्हणून आज ती हकिगत सांगतो.

दूरवर खूण पोचवण्याची धडपड आपल्याला नवी नाही. 1660 च्या जुलैमध्ये शिवाजी महाराज पन्हाळ्याहून विशाळगडाकडे निघाले. महाराज गडावर पोचले म्हणजे तोफांचे आवाज व्हायचे होते आणि ते कानी पडेपर्यंत बाजीप्रभूंनी खिंड लढवली, ही कथा शाळेतल्या मुलांना तोंडपाठ असते. तोफेचा आवाज मोठा खरा, पण त्यालाही मर्यादा आहे. त्या मर्यादेपलीकडे निरोप जायचा असेल तर आणखी मोठी तोफ कितीशी पुरणार? तिथे दुसरा उपाय लागतो. वाटेत कुणी तरी उभे राहायचे, आलेली हाक ऐकायची आणि ताज्या दमाने पुढे द्यायची. डाकेचा हरकारा थकला, की चौकीवर दुसरा हरकारा थैली घेऊन धावे, तसेच हे.

फ्रान्समध्ये क्लोद शाप नावाच्या गृहस्थाने हीच युक्ती डोळ्यांसाठी वापरली. 1794 साली पॅरिसपासून लील शहरापर्यंत त्याने मनोऱ्यांची रांग उभी केली. प्रत्येक मनोऱ्यावर लाकडी हात. अलीकडच्या मनोऱ्याचे हात दुर्बिणीतून पाहायचे आणि आपले हात तसेच करायचे. आपल्या देशातही एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात कंपनी सरकारने कलकत्त्याहून चुनारच्या दिशेने असे मनोरे बांधले. त्यांतले काही आजही बंगालात उभे आहेत. धुके पडले, की मात्र सगळा कारभार ठप्प!

मग आली तार. तारेतून जाणारी वीज अंतराबरोबर दुबळी होत जाते. अमेरिकेतल्या जोसेफ हेन्री या प्राध्यापकाने 1835 च्या सुमारास यावर तोडगा काढला. दुबळ्या विजेने एवढेच करायचे, की लोहचुंबकाने एक हलकी पट्टी ओढायची. पट्टी ओढली गेली, की तिथली ताजी बॅटरी पुढच्या तारेला जोडली जाते. कट्ट आले, की कट्ट पुढे गेले. या साधनाला 'रिले' म्हणतात. 1844 साली मोर्सची तार वॉशिंग्टन ते बाल्टिमोर अशी बोलू लागली. हिंदुस्थानात डॉक्टर ओशॉनेसी यांनी 1839 मध्ये कलकत्त्यात तारेचे प्रयोग केले आणि 1855 मध्ये तारखाते सर्वसामान्यांना खुले झाले. ती तारसेवा आपल्याकडे 2013 च्या जुलैपर्यंत चालली.

तारेचे काम त्या मानाने सोपे होते. तिथे 'आहे' किंवा 'नाही' एवढेच पुढे द्यायचे. 1876 साली बेलचा टेलिफोन आला आणि मामला अवघड झाला. माणसाच्या आवाजात चढ आहे, उतार आहे, दबलेला हुंदका आहे. तो पट्टी ओढून कसा पुढे देणार? जाड तांब्याच्या तारा घातल्या, वाटेत वेटोळी बसवली. असे करत करत 1911 साली न्यूयॉर्कचा आवाज डेन्व्हरपर्यंत गेला आणि तिथे दमला. ली डी फॉरेस्ट याने 1906 च्या सुमारास काचेच्या नळीचे एक साधन बनवले होते. हॅरॉल्ड आर्नोल्ड या तज्ज्ञाने त्यातली हवा नीट काढून ते भरवशाचे केले. या नळीत दुबळा आवाज शिरला, की तोच आवाज बळकट होऊन बाहेर येई. वाटेत अशा नळ्या बसवल्यावर 25 जानेवारी 1915 रोजी न्यूयॉर्क आणि सॅन फ्रान्सिस्को एकमेकांशी बोलले. एका टोकाला म्हातारा बेल, दुसऱ्या टोकाला त्याचा जुना साथीदार वॉटसन. बेलने 1876 सारखेच 'इकडे ये' म्हटले, तेव्हा वॉटसन म्हणाला, की आता यायला मला आठवडा लागेल!

श्रोतेहो, मामांच्या पेटीची गोष्ट खरी इथे सुरू होते. टेलिफोनवर दोन्ही बाजूंनी बोलतात. म्हणून एकाच तारेवर आवाज वाढवणारी दोन यंत्रे पाठीला पाठ लावून बसवावी लागली. एक जाणाऱ्या आवाजासाठी, एक येणाऱ्या आवाजासाठी. पहिल्याने वाढवलेला आवाज थोडासा जरी झिरपून दुसऱ्याच्या तोंडी गेला, तर दुसरे तो वाढवून पुन्हा पहिल्याकडे पाठवते. पहिले आणखी वाढवते. क्षणात तारेवर नुसती शीळ! कुणी बोलत नसतानाही. इंजिनियर लोक म्हणत, तार 'गाऊ' लागली. तुम्ही हे गाणे ऐकलेले आहे, बरे का. पंधरा ऑगस्टला शाळेच्या मैदानावर पाहुणे बोलायला उभे राहतात, माइक कर्ण्यासमोर येतो आणि 'कुईंऽऽ' असा आवाज येऊन मुले कानांत बोटे घालतात. ते हेच. कर्ण्याचा आवाज माइकात शिरतो आणि फिरून फिरून वाढत जातो.

यावर इलाज म्हणून खऱ्या तारेसारखीच वागणारी एक कृत्रिम तार बाजूला जोडत. दोहोंचा तोल जुळला, की जाणारा आवाज येणाऱ्याच्या वाटेत शिरत नसे. तोल जेवढा चांगला, तेवढाच आवाज वाढवायचा, त्यापुढे हात आवरायचा, असा तो नियम होता.

दुसरी अडचण अशी, की यंत्र आवाज वाढवते तसा त्याला थोडा बिघडवतेही. एका मागोमाग अनेक यंत्रे आली, की बिघाडात बिघाड साठत जातो. 2 ऑगस्ट 1927 रोजी हॅरॉल्ड ब्लॅक नावाचा 29 वर्षांचा इंजिनियर हडसन नदीवरच्या बोटीतून कामावर चालला होता. त्याला बोटीतच उपाय सुचला आणि जवळच्या वर्तमानपत्रावर त्याने तो मांडून काढला. वाढलेल्या आवाजातला काही भाग उलटा करून पुन्हा आत आणायचा. त्यामुळे ताकद कमी होते, पण आवाज खरा राहतो. मिळवलेली ताकद जाणूनबुजून सोडायची, ही कल्पना इतकी उफराटी वाटली, की पेटंट मिळायला 1937 साल उजाडले. आज घराघरांतल्या यंत्रांत ती आहे. पुढे 1956 मध्ये अटलांटिक महासागराच्या तळाशी पहिली टेलिफोन केबल पडली, तेव्हा केबली दोन होत्या. एक जायची, एक यायची. प्रत्येकीत 51 ठिकाणी आवाज वाढवणारी यंत्रे. वाटाच वेगळ्या ठेवल्यावर गाण्याची भीती उरली नाही.

आता मोबाइलकडे येऊ. भारतातला पहिला मोबाइल संवाद 31 जुलै 1995 रोजी झाला. कलकत्त्याहून मुख्यमंत्री ज्योती बसू दिल्लीत दूरसंचारमंत्री सुखराम यांच्याशी बोलले. मोबाइलला तार नाही, सगळे आकाशातून. आणि आकाश सर्वांचे एकच. आपल्या हातातल्या 4जी फोनची बोलण्याची ताकद जास्तीत जास्त एक-पंचमांश वॅटच्या आसपास असते. तेवढ्या कुजबुजीवर दूरचा टॉवर कान देऊन बसलेला असतो. मधे जाड भिंत आली, की कुजबूज आणखी क्षीण होते. पत्र्याचे छप्पर तर लहरी परतवूनच लावते. 900 मेगाहर्ट्झच्या लांब लहरी भिंतीतून त्यातल्या त्यात बऱ्या जातात, 2300 च्या आखूड लहरी लवकर थकतात.

बूस्टर म्हणजे त्या टेलिफोनच्या तारेवरचीच जोडयंत्रे. कौलांवरचे एरियल टॉवरचे ऐकते, पेटी ते वाढवते, घरातले एरियल ते फोनला सांगते. आणि फोनचे बोलणे उलट वाटेने टॉवरकडे जाते. अशी पेटी 70 डेसिबल आवाज वाढवते असे लिहिलेले असेल, तर त्याचा अर्थ एक कोटी पट! आता दोन एरियलांमध्ये नुसती कौले असली, तर काय होणार? घरातला आवाज वरच्या एरियलात झिरपतो आणि पेटी गाऊ लागते. ते गाणे आपल्या कानाला ऐकू येत नाही, हीच गोम आहे. टॉवरच्या कानाशी मात्र कर्णा किंचाळत असतो. टॉवर बोलतो ते वाडीला ऐकू येते, म्हणून दांड्या पुऱ्या दिसतात. पण वाडीची कुजबूज टॉवरला ऐकू येत नाही. त्या रात्री शेजाऱ्यांची हाक बुडाली ती अशी.

म्हणजे यंत्र मुळात वाईट आहे का? नाही. अमेरिकेत 2013 मध्ये आणि ब्रिटनमध्ये 2018 मध्ये घरगुती बूस्टरला मुभा मिळाली, पण अटी घालून. पेटी मान्यताप्राप्त हवी आणि गाणे सुरू होताच तिने आपण होऊन आवाज कमी करावा किंवा बंद पडावे. आपल्याकडे 1933 च्या बिनतारी तारायंत्र कायद्यापासून परवान्याशिवाय असे यंत्र बाळगायला मनाई होती. 2023 च्या दूरसंचार कायद्यातही परवानगीची अट आहेच. घरमालकाने स्वतः बूस्टर बसवणे बेकायदा ठरते. ते काम परवानाधारक कंपनीचे. बाजारात पेटी राजरोस मिळते म्हणून ती कायदेशीर असते, असे मात्र समजू नका.

मग करायचे काय? घरी ब्रॉडबँड असेल, तर फोनमध्ये वाय-फायवरून बोलण्याची सोय चालू करा. 2019 च्या डिसेंबरपासून ती आपल्याकडे मिळू लागली आहे. त्यात आवाज भिंतीतून न जाता तारेने जातो. छपरावरही रेंज नसेल, तर पेटी काही कामाची नाही. नसलेली हाक वाढवणार कशी? तिथे टॉवरच हवा. 2022 च्या जुलैमध्ये केंद्र सरकारने 4जी न पोचलेल्या 24,680 गावांसाठी 26,316 कोटी रुपयांची योजना मंजूर केली. आपल्या गावाचे काय झाले, हे ग्रामसभेत विचारायचा आपल्याला हक्क आहे. शिक्षक मंडळींनी यात पुढाकार घ्यावा. 2020 च्या टाळेबंदीत रेंजसाठी टेकडीवर जाऊन बसलेली मुले त्यांनी पाहिली आहेत.

मामांकडे आता तारेचे इंटरनेट आले आहे आणि ते माजघरातून बोलतात. शेजाऱ्यांकडे ते नाही. वाडीने टॉवरसाठी अर्ज केला, त्यावर पहिली सही मामांची आहे. निघताना मी त्यांना ही सगळी हकिगत सांगितली. ते जरा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "म्हणजे बघ, माझी पेटी ओरडत होती म्हणून तिची हाक कुणाला ऐकू गेली नाही."