बद्द वाजणारे रुपये

आमच्या कर्जतच्या घरात (जिल्हा नगरचं कर्जत हो, लोकलचं नव्हे!) आजीच्या डब्यात चांदीचे पाच रुपये आहेत. आजोबांनी बैल विकून आणलेले. आजीने दगडावर वाजवून पाहिले; तीन खणखणीत, दोन बद्द. "यांना फसवलं कुणीतरी," हे तिने ठरवून टाकलं आणि आजोबांनी ते जन्मभर ऐकलं.

परवा मे महिन्यात मित्राने त्याचं विद्युतवाहकता मोजायचं यंत्र आणलं. तार जोडायची नाही, ओरखडा नाही. कॉइलमध्ये उलटसुलट वीज खेळते, तिच्यामुळे धातूत भोवऱ्यासारखे प्रवाह उठतात आणि त्यांवरून यंत्र वाहकता सांगतं. तेच दोन रुपये फार खाली निघाले. म्हणजे आजी बरोबर?

ही युक्ती जुनी आहे. डेव्हिड ह्यूजने 1879 मध्ये लंडनात दोन सारखी नाणी दोन कॉइलजोड्यांत ठेवून टेलिफोन कानाला लावला. नाणी एकसारखी असली की शांतता. पण एक नुसतं हातात चोळून गरम केलं तरी आवाज येई! तांब्याची रोधकता दर अंशाला सुमारे 0.4 टक्के वाढते. यंत्राचे आकडे 20 अंशांना धरलेले आणि आमच्या ओसरीवर 40. सात टक्क्यांची चूक तिथेच. दुसरी अडचण फटीची. राजाची मुंडी उठावाची, त्यामुळे कॉइल धातूला नीट टेकत नाही आणि वाहकता कमी भासते. जर्मनीत फ्रीडरिश फर्स्टरने सिग्नलचा आकार आणि फेज दोन्ही तपासून फट वेगळी काढायची वाट दाखवली, म्हणून आजची यंत्रं बरीच शहाणी आहेत.

आम्ही नाणी आणि प्रमाण म्हणून आणलेला तांब्याचा ठोकळा माजघरात तासभर शेजारी ठेवले. सपाट जागा बघून पुन्हा मोजलं. आकडे सुधारले, पण ते दोन खालीच.

मग चष्मा लावून सन वाचला. तिघांवर व्हिक्टोरिया, दोघांवर 1944! युद्धकाळात, 1940 पासून, सरकारनेच रुपयातली चांदी 91.7 वरून 50 टक्क्यांवर आणली. बाकी 40 तांबं, 5 निकेल, 5 जस्त. अशी भेसळ, त्यातही निकेलची, वाहकता पार पाडते. रुपये अस्सल होते.

लगेच आत्याला फोन केला. सगळं ऐकून ती म्हणाली, "म्हणजे आई चूकच ना? पण चांदी निम्मीच की रे!"