फलटणचा धूर

फलटणचें नांव निघालें म्हणजे इतिहासप्रेमी मनास नाईक-निंबाळकरांचें घराणें आणि सईबाईंचें माहेर आठवतें. या गांवीं गेल्या कांहीं दशकांत जी एक मोहीम चालली, तींत मात्र ना तलवार होती, ना तह. ती मोहीम धुराविरुद्ध होती.

तालुका मुळांत अवर्षणाचा. नीरेच्या उजव्या कालव्याचें पाणी आलें, मागोमाग ऊंस आला, साखरवाडीस कारखाना उभा राहिला. ऊंस तुटून गेल्यावर शेतांत पाचट उरतें. हेक्टरीं सुमारें 10 टन. तें गुरें खात नाहींत, लवकर कुजत नाहीं, खोडव्यास अडचण करतें. मग शेतकरी काडी लावून मोकळा होतो. तो धूर दुरूनही सर्वांस दिसतो. त्याहून घातक धूर भिंतींआड, चुलीपाशीं असतो. चूल फुंकणाऱ्या गृहिणीचे पाणावलेले डोळे कथा-कादंबऱ्यांनीं पुष्कळ वर्णिले. तिच्या छातींत काय उतरतें, हें मोजण्यास मात्र फार उशीर झाला. कर्क स्मिथ व त्यांचे सहकारी यांनीं गुजरातेंतील खेड्यांत स्त्रियांच्या अंगावर मापनयंत्रें अडकवून ही हवा तपासली. तो अभ्यास 1983 सालीं प्रसिद्ध झाला.

लांकूड, काटक्या, शेणी चुलींत पुरत्या जळत नाहींत, यांतच अनर्थाचें मूळ आहे. न जळलेला अंश सूक्ष्म कणांच्या रूपानें हवेंत तरंगतो. अडीच मायक्रॉनांहून लहान कण, म्हणजे केंसाच्या जाडीच्या तिसाव्या हिश्शाएवढे, नाकांत अडत नाहींत. ते फुप्फुसांच्या तळाशीं जातात. जागतिक आरोग्य संघटनेनें 2021 सालीं त्यांची वार्षिक सरासरी मर्यादा घनमीटरीं 5 मायक्रोग्रॅम ठरविली. कार्बन मोनॉक्साइड हा वायु तर रंगहीन व गंधहीन. रक्तांतील हिमोग्लोबिनशीं तो प्राणवायूच्या दोनशें पटींहून अधिक घट्टपणें बांधला जातो. जुनाट श्वासविकार, हृद्रोग, लहान मुलांचा न्यूमोनिया, मोतीबिंदू हे या धुराचे परिणाम. 2020 सालीं घरगुती धुरामुळें जगांत सुमारें 32 लक्ष माणसें दगावलीं, असा याच संघटनेचा अंदाज आहे.

चुलीवरील उपाय तसे जुनेच. वर्ध्याच्या मगनवाडींतून मगनचूल निघाली. 1980 च्या दशकांत सरकारनें सुधारलेल्या चुलींचा राष्ट्रीय कार्यक्रमही हातीं घेतला. धुराडें असलेली चूल चांगली खरी, पण धुराडें काजळीनें तुंबलें कीं तीही जुन्या चुलीच्याच वळणावर जाते. फलटणांत इंधनालाच हात घातला गेला. बी. व्ही. निंबकर यांनीं 1968 सालीं येथें कृषिसंशोधन संस्था स्थापिली होती. 1981 सालीं अमेरिकेंतून परतलेले डॉ. अनिल राजवंशी तेथें आले, आणि पाचटापासून ज्वलनवायु करण्याचे प्रयोग सुरू झाले. गोड ज्वारीच्या रसापासून मद्यार्क काढून त्यावर शेगडी व कंदील चालविण्यापर्यंत मजल गेली. शेगडी उत्तम जळली. परंतु मद्यार्क घरोघर पोंचविण्यास अबकारी कायदा आडवा आला. पिण्यास दारू मिळावी आणि भात शिजविण्यास मद्यार्क मिळूं नये, ही मौजच म्हणावयाची!

महर्षि कर्व्यांचे नातू डॉ. आनंद कर्वे यांनींही फलटणांत काम केलेलें. त्यांच्या ‘आरती’ या संस्थेनें पाचट बंद पिंपांत तापवून त्याचा कोळसा करण्याची भट्टी सिद्ध केली. पिंपांतून सुटणारा वायु त्याच भट्टींत जळतो, म्हणून धूर बेताचा. कोळशाच्या भुकटीच्या कांड्या वळतात. ‘सराई’ कुकरांत शंभर-दीडशें ग्रॅम कांड्यांवर एका कुटुंबाचा स्वयंपाक होतो. 2002 सालीं या कार्यास ॲश्डेन पुरस्कार लाभला. कोळशास धूर नसला तरी कार्बन मोनॉक्साइड सुटतोच. तेव्हां खिडकी उघडी हवी.

2016 सालीं उज्ज्वला योजना आली, आणि गॅसचा सिलिंडर खेड्यापाड्यांतील घरांत पोंचला. जोडणी मिळाली, तरी पुढचा सिलिंडर पैसे मोजूनच घ्यावा लागतो, आणि बांधावरचें जळण फुकट असतें. हा हिशेब गृहिणीच करते. चहा गॅसवर, आंघोळीचें पाणी व भाकरी चुलीवर, अशी वांटणी पुष्कळ घरांत ठरलेली आहे.