सागरी माशांच्या आहारातील खनिजे

समुद्रात राहणाऱ्या माशांना हाडे व खवले घडण्यासाठी, रक्त तयार होण्यासाठी आणि डोळे, ग्रंथी, स्नायू यांचे काम नीट चालण्यासाठी खनिजे लागतात. त्यांतली काही पाण्यातून मिळतात, उरलेली खाण्यातूनच मिळवावी लागतात. खाऱ्या पाण्यातल्या माशाला खनिजांची काय वाण, असे वाटणे साहजिक आहे. पण समुद्राचे खारेपण मोजक्याच मूलद्रव्यांचे असते आणि माशाला ज्यांची खरी निकड असते त्यांतली बरीचशी त्या पाण्यात नसल्यासारखीच असतात.

बांगडा, सुरमई, जिताडा अशा अस्थिमत्स्यांचे रक्त समुद्राच्या पाण्याच्या साधारण एक तृतीयांश इतकेच खारट असते. त्यामुळे त्यांच्या अंगातले पाणी, मुख्यतः कल्ल्यांतून, सतत बाहेर ओढले जाते. ही तूट भरून काढण्यासाठी मासा समुद्राचे पाणी पितो, हे अमेरिकी शरीरक्रियाशास्त्रज्ञ होमर स्मिथ यांनी १९३० मध्ये दाखवून दिले. प्यायलेल्या पाण्यातले जादा सोडियम व क्लोराइड कल्ल्यांतील खास पेशी परत समुद्रात सोडतात, मॅग्नेशियम व सल्फेट मूत्रावाटे जातात आणि कॅल्शियमचा काही भाग आतड्यातच कार्बोनेटचे पांढरे कण होऊन विष्ठेबरोबर पडतो. (मुशी आणि पाकट यांची रीत वेगळी. ते रक्तात युरिया साठवून तोल राखतात.) म्हणून सोडियम, क्लोराइड, पोटॅशियम व मॅग्नेशियम यांची चिंता सागरी माशाच्या खाद्यात सहसा करावी लागत नाही. १९७० च्या दशकात जपानमधील क्यूशू विद्यापीठात मादाई या तांबड्या माशावर झालेल्या प्रयोगांत खाद्यातले मॅग्नेशियम जवळजवळ काढून टाकले, तरी मासे नीट वाढले.

फॉस्फरसची गोष्ट उलटी आहे. समुद्राच्या एका लिटर पाण्यात कॅल्शियम सुमारे ४०० मिलिग्रॅम असते, तर फॉस्फरस ०.१ मिलिग्रॅमच्याही आत. किलोभराचा जिताडा दिवसाला २० ग्रॅम कोरडे खाद्य खातो असे धरू. त्याच्या खाद्यात फॉस्फरस ०.५५ ते ०.६५ टक्के लागतो, म्हणजे रोज सुमारे १२० मिलिग्रॅम. एवढा फॉस्फरस पाण्यातून काढायचा, तर त्याला दररोज बाराशे लिटरांहून अधिक पाण्यातला सगळा फॉस्फरस शोषून घ्यावा लागेल. किलोभराचा मासा दिवसाला पितो ते पाणी मिलिलिटरांत मोजायचे असते. तेव्हा फॉस्फरस खाण्यातूनच यायला हवा. प्रस्तुत लेखकाच्या मते या विषयातली सर्वांत महत्त्वाची बाब हीच आहे, आणि मत्स्यखाद्याच्या बाबतीत होणाऱ्या बहुतेक चुका तिच्याभोवतीच घडतात.

फॉस्फरस कमी पडला की माशाची भूक मंदावते, खाल्लेले अंगी लागत नाही, शरीरात चरबी वाढते. पुढे हाडे मऊ पडतात. अशा माशाची बरगडी बोटांत धरून वाकवली तर ती कट्कन मोडत नाही, ओल्या काडीसारखी लवते. पाठीचा कणा वाकडा होतो, कधी डोक्याची ठेवणही बिघडते. माशाचा आकार पाहून भाव ठरणाऱ्या बाजारात अशा माशाला गिऱ्हाईक नसते. त्याआधी पिंजऱ्यात पाळलेल्या जिवाला झालेला त्रास तर कोणी मोजतच नाही.

खाद्याच्या पोत्यावर छापलेला फॉस्फरसचा टक्का मात्र फसवा असतो. सोयाबीन, भाताचा कोंडा यांसारख्या वनस्पतिजन्य पदार्थांतला सुमारे दोन तृतीयांश फॉस्फरस फायटेटच्या रूपात बांधलेला असतो आणि तो सोडवणारे पाचकद्रव्य माशाच्या आतड्यात पुरेसे नसते. ज्या माशाला आम्ल पाझरणारे जठर आहे तो मासळीच्या भुकटीतली हाडे बऱ्यापैकी विरघळवतो. जठर नसलेल्याला ते जमत नाही. खाद्यात वरून घालायच्या क्षारांपैकी मोनोकॅल्शियम फॉस्फेट चांगले पचते, ट्रायकॅल्शियम फॉस्फेट कमी. खाद्यात फायटेज हे विकर मिसळले की बांधलेला फॉस्फरस काही अंशी मोकळा होतो. न पचलेला सगळा पाण्यात जातो आणि पिंजऱ्याभोवती शेवाळ माजवतो. म्हणून किती घातला यापेक्षा कोणत्या रूपात घातला हे आधी विचारले पाहिजे.

कॅल्शियमच्या बाबतीत नियम आहे आणि त्याला अपवादही. बहुतेक सागरी माशांना ते कल्ल्यांतून व प्यायलेल्या पाण्यातून भरपूर मिळते, इतके की रक्तातले कॅल्शियम वाढू न देणारे स्टॅनिओकॅल्सिन हे संप्रेरक त्यांच्या मूत्रपिंडालगतच्या छोट्या ग्रंथी स्रवतात. जर्मन शरीरशास्त्रज्ञ हेर्मान श्टान्नियुस यांनी या ग्रंथींचे वर्णन १८३९ मध्ये केले. तरीही १९९० च्या दशकाच्या अखेरीस जपानमध्ये असे आढळले, की फुगू (आपल्याकडच्या केंडाच्या कुळातला मासा) आणि आणखी काही जाती समुद्राच्या पाण्यात असूनही खाद्यात थोडे कॅल्शियम घातले तरच नीट वाढतात. पण ते सढळ हाताने घालण्यातही धोका आहे, कारण जादा कॅल्शियम व फॉस्फेट मिळून जस्ताचे शोषण अडवतात. हाडांचे प्रमाण जास्त असलेल्या पांढऱ्या मासळीच्या भुकटीवर वाढवलेल्या ट्राउट माशांच्या डोळ्यांत मोतीबिंदू झाले होते. ट्राउट हा नदीतला मासा, पण भुकटी समुद्रातली होती, आणि खाद्यात जस्त वाढवल्यावर डोळे वाचले.

सूक्ष्म प्रमाणात लागणाऱ्या खनिजांत लोहापासून सुरुवात करावी. भर समुद्रात पृष्ठभागाजवळच्या एका लिटर पाण्यात ते बहुधा एक दशांश मायक्रोग्रॅमही नसते. मादाईला मात्र दर किलो खाद्यामागे सुमारे १५० मिलिग्रॅम लोह लागते. ते न मिळाल्यास तांबड्या रक्तपेशी लहान व फिकट होतात. मलबारी हेकरूला (ग्रूपर) दर किलो खाद्यात तांबे ४ ते ६ मिलिग्रॅम पुरते आणि सेलेनियम सुमारे ०.७ मिलिग्रॅम. कोबिया या माशाला सेलेनियम ०.८ च्या आसपास लागते. सेलेनियमच्या बाबतीत गरज आणि विषबाधा यांतले अंतर थोडे असल्याने अंदाजपंचे काम चालत नाही.

आयोडीनचा अभाव डोळ्यांनी दिसतो. मत्स्यालयातील टाकीत अनेक वर्षे ठेवलेल्या मुशीच्या जबड्याखाली कधीकधी फुगवटा येतो. तो गलगंड असतो. बंदिस्त पाण्यात साचणारे नायट्रेट थायरॉइड ग्रंथीला आयोडीन घेऊ देत नाही. पाणी शुद्ध करण्यासाठी वापरलेला ओझोन आयोडाइडचे आयोडेट करून टाकतो, तेही फारसे उपयोगी पडत नाही. खाद्यातून आयोडीन दिले की सूज ओसरू शकते. उबवणी केंद्रातल्या पिल्लांचा प्रश्न याहून नाजूक आहे. अटलांटिक हॅलिबट हा चपटा मासा लहानपणी सरळ पोहतो आणि रूपांतर होताना त्याचा एक डोळा दुसऱ्या बाजूला सरकतो. हे घडवतो थायरॉइडचा स्राव. समुद्रात ही पिल्ले कोपेपॉड हे सूक्ष्म कवचधारी जीव खातात आणि त्यांत आयोडीन मुबलक असते. उबवणी केंद्रात त्यांना आर्टेमिया हे दुसरे छोटे कवचधारी जीव देतात, त्यांत ते फार कमी असते. पिल्लांना दिल्या जाणाऱ्या रोटिफर या सूक्ष्म जीवांत तर सेलेनियम, जस्त आणि तांबेही कोपेपॉडांच्या मानाने कमी भरते. म्हणून पिल्लांपुढे टाकण्याआधी या जिवंत खाद्यालाच खनिजे पाजली जातात.

ही प्रमाणे ठरवणे जिकिरीचे असते, कारण खनिज पाण्यातूनही येते आणि खाद्याच्या प्रत्येक घटकातूनही. म्हणून केसीन व जिलेटीनसारख्या शुद्ध पदार्थांचे खाद्य बनवून एकेक खनिज कमी-जास्त करून पाहतात. अमेरिकेच्या नॅशनल रिसर्च कौन्सिलने २०११ मध्ये मासे व कोळंबीच्या पोषणगरजांचे संकलन प्रसिद्ध केले. मत्स्यखाद्य तयार करणारे त्याचा आधार घेतात.

रायगड जिल्ह्यात पेण-अलिबागच्या खारपट्ट्यात घराजवळच्या तळ्यात जिताडा वाढवण्याची रीत आहे. जिताडा छोटी मासळी काट्यासकट गिळतो, त्यामुळे फॉस्फरस त्याला हाडांतूनच मिळतो आणि जठरातले आम्ल तो सोडवून घेते. पावसाळ्यात तळे गोडे झाले की कॅल्शियम व मॅग्नेशियमचा समुद्रातला आयता पुरवठा मात्र आटतो. अशा तळ्यात काट्याच्या मासळीऐवजी गोळी खाद्य सुरू करायचे असेल, तर ही दोन्ही खनिजेही खाद्यातूनच देण्याची तजवीज करावी लागते.